पितळी गडव्यातली कांडवेल

मित्रांनो, खिडकीतल्या शिंक्यातून लोंबणाऱ्या या चौधारी हिरव्या काड्या पाहून तुम्ही नाक मुरडलंत, ते मला दिसलं. असू द्या. जुनी कांडवेल म्हणतात ती मी. मला ना धड पानं, ना वासाची फुलं. कांड्याला कांडं जोडत खाली उतरायचं, एवढीच माझी करामत. हाड मोडलं की लोक मला वाटून बांधतात, म्हणून मला हाडजोडही म्हणतात. त्या मोठ्या नावानेच माझा घात केला.

ही हकिकत बुऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्याची, इंग्रजी अमलातली. तिथे चुडामण नावाचा तारकश राहत असे. चांदीची तार ओढून ओढून केसाइतकी बारीक करायची, हे त्याचं काम. घरात त्याची बायको सोजरबाई आणि त्याच्या थोरल्या भावाची विधवा मनकर्णा. सोळाव्या वर्षी मनकर्णेचं कुंकू पुसलं गेलं. तेव्हापासून हळदीकुंकवाला तिने दिसायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. जीव लावायला त्या घरात तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. एकदा माहेराहून येताना तिने माझं वीतभर कांडं पदराच्या गाठीत आणलं. मी कुणाच्याच पूजेची नव्हते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

तिने मला घाईने मातीत खुपसलं नाही. चार दिवस कोनाड्यात ठेवून कापलेलं तोंड सुकू दिलं. फुटक्या घागरीच्या बुडात तापीची जाड वाळू, विटेचा चुरा आणि मूठभर काळी माती भरली. मग शिंक्यात घालून मला पूर्वेच्या खिडकीत टांगलं. सकाळचं ऊन सगळीकडून मिळावं म्हणून आठ दिवसांनी शिंकं फिरवी. पाणी देण्याआधी दोन पेरं बोट मातीत घालून पाही. ओल लागली की म्हणे, "आज नको ना तुले? बरं, ऱ्हाऊ दे." आणि तांब्या परत नेई. थंडीत तर पंधरा पंधरा दिवस मला कोरडी ठेवी. चार वर्षांत मी खिडकीपासून जमिनीला टेकले. ते सुख मी विसरलेले नाही.

मग लालबागच्या स्टेशनावरून येताना टांगा उलटला आणि चुडामणचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. तारकशाचा उजवा हात गेला म्हणजे घराची चूल गेली. सोजरबाई कपाळ बडवायला लागली. मनकर्णेने माझी निम्मी कांडी कापली. माझा चीक कातडीला खाजतो, म्हणून हाताला तूप चोळून तिने मला वाटलं, लेप दिला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. दीड महिना रोज तेच. हात जुळला. माझ्या रसाने जुळला की कामट्यांनी, देव जाणे. पण गल्लीभर नाव माझं झालं.

इथेच माझं नशीब फिरलं. सोजरबाई म्हणाली, "माह्या कुंकवाले तारणारी वेल फुटक्या घागरीत काहून ठेवायची?" तिने मला उपटून लखलखीत पितळी गडव्यात लावलं. गडव्याला भोक कुठलं असणार? देवघरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात मला बसवलं, हळदकुंकू वाहिलं आणि रोज आंघोळ करून तांब्याभर पाणी घालू लागली. तुळशीला करतात, तसंच सगळं माझं सुरू झालं.

मनकर्णा उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "सोजर, तिले रोज पानी नको घालू. मुळं कुजतीन तिचे. मले एकदा बोट लावून पाहू दे."

"कुंकवाची वस्तू आहे ती, जाऊबाई. तुमचा हात नका लावू," सोजरबाई म्हणाली.

तो तांब्या ती खरोखर भक्तीने ओतत होती, हे मला आजही नाकारता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात माझी बुडाची कांडी पिवळी पडून लिबलिबीत झाली. महिन्याने घाण सुटली. वेल का सडली, हे सोजरबाईने लगेच ठरवलं. "पांढऱ्या कपाळाची नजर लागली!" ती ओरडली. मनकर्णेने चुडामणकडे पाहिलं. तिने जुळवलेला तो उजवा हात त्याने उचलला आणि मागच्या अंधाऱ्या कोठीकडे दाखवला. "वहिनी, आता तिकडंच ऱ्हात जा," एवढंच तो बोलला.

मला उकिरड्यावर टाकलं होतं. शेंड्याचं एक कांडं तेवढं धड होतं. मनकर्णेने ते उचललं, चार दिवस सुकवलं आणि त्याच घागरीच्या बुडात लावलं. कोठीला हातभर झरोका होता. त्यातलं ऊन तिने मला दिलं आणि स्वतः अंधारात बसली. नऊ वर्षं आम्ही तिथे काढली. तिच्या दाराशी दोन वेळा भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवला जाई. नेमाला ते लोक पक्के होते. एका उन्हाळ्यात तिला ताप भरला. पाच दिवस ताट भरलेलं परत गेलं, तरी तांब्या वेळेवर येत राहिला. सहाव्या दिवशी ती गेली. पुढे कुणाचं तरी हाड मोडलं, तेव्हा घराला माझी आठवण झाली आणि मी पुन्हा खिडकीत आले.

मित्रांनो, माझ्यासारखी वेल घरात लावाल तर बुडाला भोक ठेवा, खिडकीपाशी उजेडात टांगा आणि प्रेमाचा उमाळा आला म्हणून पाणी ओतू नका. आधी मातीत बोट घालून पाहा. मला काय हवं, हे मनकर्णेने दर वेळी असं विचारून घेतलं. तिला काय हवं, हे मी कधी विचारलं नाही, कारण मला तोंड नाही. त्या घरातल्या माणसांना होतं.