तिसऱ्या बेसकडे पळालेला नायक

१९२४ साली लॉस एंजेलिसच्या त्या मूकपटांच्या स्टुडिओत फिल्म कापून जोडायला सहा बायका होत्या. दिग्दर्शक क्रेस त्यांना सरसकट "पोरी" म्हणत. त्यातली लव्हिनिया स्ट्राउड ही पंचेचाळीस वर्षांची पोर. वडील जन्मभर बेसबॉलचे पंच, त्यामुळे शेवटच्या रिळातली गफलत तिला भिंगाशिवाय दिसली. चेंडू टोलवून नायक थेट डावीकडे, तिसऱ्या बेसकडे सुटला होता.

"आधी उजवीकडे पळायचं असतं, पहिल्या बेसकडे," ती म्हणाली.

"उजवीकडे पळाला की ऊन पाठीवर येतं, तोंड काळं दिसतं," क्रेस म्हणाले. " लोक त्याचं तोंड बघायला येतात. नियम कोण बघतंय?"

"मैदानावरचा शेंगदाणेवालासुद्धा बघेल."

"पोरी, तू जोड. डोकं मी चालवतो."

मैदानाचा देखावा मोडून झाला होता, म्हणजे पुन्हा चित्रण नाही. शुक्रवारी फ्रेस्नो गावच्या थिएटरात प्रेक्षकांपुढे सिनेमाचा चाचणीचा खेळ. तिथे हसं झालं तर घरी कोण बसणार, हे सहाही जणींना ठाऊक होतं. क्रेस तर नक्कीच नाहीत.

लव्हिनियाने टाकाऊ तुकड्यांची टोपली पालथी केली. दुसऱ्या रिळासाठी घेतलेला एक तुकडा सापडला: तिसऱ्या बेसमागच्या बाकावरून नायिका फणकाऱ्याने उठून निघाली आहे. टोपी वाकडी म्हणून क्रेसनी तो फेकला होता. लव्हिनियाने तो टोला आणि धाव यांच्या मधोमध चिकटवला, आणि परवानगी कोणाचीच घेतली नाही.

फ्रेस्नोचं थिएटर मनुके भरणाऱ्या कामगारांनी गच्च होतं. नायक डावीकडे सुटताच एक म्हातारा उठून ओरडला, "गाढवा, पहिला बेस तिकडे आहे." शेजारीण म्हणाली, "बसा हो खाली. त्याची मैत्रीण रुसून निघाली, तिच्यामागे पळतोय तो." मग थिएटर असं हसलं, की पडद्याखाली साथ करणाऱ्या पियानोवाल्यालाही हसू आवरेना. पडद्यावरच्या चुंबनाला म्हाताऱ्याने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

बाहेर येताच निर्माते विल्कॉक यांनी क्रेसचा हात धरला. "कल्पना कोणाची?"

"माझीच," क्रेस म्हणाले. तो तुकडा तिथे जोडलेला त्यांनीही त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिला होता.

"मग तो कुठल्या रिळातला, तेही सांगा," लव्हिनिया मागून म्हणाली.

क्रेस खिशात चिरूट शोधू लागले. बराच वेळ शोधला.

"दुसऱ्या. यांनी फेकलेला, मी जोडलेला. माझं नाव लव्हिनिया स्ट्राउड, आणि मला कामावरून काढायचं असेल तर आताच काढा."

विल्कॉक यांनी तिचं नाव पुन्हा विचारून नीट लिहून घेतलं.

परतताना मोटारीत क्रेस म्हणाले, "मिस स्ट्राउड, पुढच्या वेळी आधी विचारत जा."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, 'तू जोड.'"