चाकाखालून काढलेले लिंबू

बळवंतराव राऊत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगकारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन केळव्याच्या वाडीत परतले, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सोबत आणल्या: काचेची एक जुनी मोजनळी आणि पुराव्यावाचून काहीही न मानण्याची खोड. मोजनळी वाटेतच फुटली. खोड मात्र शाबूत राहिली आणि ती घरातल्या सर्वांना पुरून उरली.

घरात थोरले बंधू आत्माराम, वहिनी शैला आणि वाडीतली नारळ-पोफळी. पुतणी कीर्ती नॉर्वेला माशांवर संशोधन करीत होती. मुंबईत, फोर्टातल्या एका जुन्या संस्थेत तिच्या विषयाची एकच जागा निघाली होती आणि तिची मुलाखत दुपारी व्हायची होती. कीर्तीचे विमान त्याच दिवशी सकाळी उतरणार होते. जागा मिळाली तर पोरगी दर शनिवारी केळव्याला येणार. हुकली तर पुन्हा नॉर्वे, आणि मग घरात तर्कशुद्ध बोलणारे दुसरे माणूस उरणार नाही, ही बळवंतरावांची खरी धास्ती होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

त्यांनी योजना आखली. विमानतळाच्या पोटातूनच भुयारी मेट्रो निघते आणि हुतात्मा चौकात वर काढते. सिग्नल नाही, खड्डा नाही, वरात नाही.

"म्हंजे पोरीला घ्यायला गाडी न्यायची नाय?" शैलावहिनींनी विचारले. "साता समुद्रापलीकडून येते ती, भावजी! उद्या गाव म्हनंल, राऊतांकडे गाडीला पैसे नव्हते."

"गाव फोर्टात मुलाखत घेणार नाहीये, वहिनी."

शेवटी तह झाला. गाडी जाईल, सगळे जातील, पोरीवरून भाकरतुकडा ओवाळला जाईल. मग बॅगा घेऊन गाडी केळव्याला आणि कीर्ती काकांबरोबर मेट्रोने फोर्टात. गाडी अर्थातच चिंधूची. दातिवऱ्यापासून घिवलीपर्यंत कोणाचा मुलगा आखातातून येवो की कोणाचा जावई जहाजावरून उतरो, विमानतळावर चिंधूच जायचा.

विमान वेळेवर उतरले. कीर्ती बाहेर आली, वहिनींनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा उतरवला, आत्मारामांनी चष्मा पुसला. येथवर सारे योजनेबरहुकूम झाले. मग बळवंतरावांची नजर गाडीच्या पुढच्या चाकाकडे गेली. त्याखाली एक टपोरे लिंबू होते.

त्यांनी वाकून ते उचलले आणि खिशात टाकले.

"भावजी! ठेवा ते जागेवर!"

"वहिनी, हजारभर किलोच्या गाडीवर एका लिंबाचा काय प्रभाव पडणार? साधा विचार करा."

"पडंल तेव्हा कळंल!"

"आई, भूक लागलीय गं," कीर्ती म्हणाली आणि भाजलेल्या सुक्या बोंबलांचा डबा उघडण्यासाठी दोन मिनिटे गाडीत बसली. वाद अर्धवट राहू नये म्हणून बळवंतरावही तिच्या शेजारी बसले. एवढ्यात सुरक्षारक्षकाने शिट्टी फुंकली आणि काठीने टपावर ठोकले. आत्माराम पुढे चढले, वहिनी मागे बॅगांशेजारी कोंबल्या गेल्या, दार लागले, गाडी निघाली.

आता एक फेरी मारून चिंधूने मेट्रोच्या दाराशी थांबायचे, हे उघडच होते. हे चिंधूला वहिनींनी सांगितले असणार, असे बळवंतरावांनी गृहीत धरले. भावजींनी सांगितले असणार, असे वहिनींनी. या दोघांपैकी कोणीच सांगितले नसेल, ही शंकाच आत्मारामांच्या मनाला शिवली नाही, कारण त्या घरात न सांगितलेली गोष्ट आजवर उरली नव्हती.

बळवंतराव मागे वळून वहिनींना कार्यकारणभाव समजावू लागले. एकामागून एक घडणाऱ्या दोन गोष्टींपैकी पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही, हे त्यांनी कोंबडा आणि सूर्योदय यांच्या आधाराने सांगितले. कीर्ती भाकरीबरोबर बोंबील खात, डोळे मिटून, मान डोलावत होती. ती मान काकांच्या युक्तिवादाला होती की बोंबलाला, हे ठरवता येणे शक्य नव्हते.

"आणि प्रत्यक्ष पाहा," बळवंतराव म्हणाले, "लिंबू काढल्यापासून गाडी किती सुरळीत चाललीय! एक सिग्नल लागला नाही. उलट लिंबू हाच अडथळा होता असं म्हणायला जागा आहे."

गाडी खरोखरच सुसाट चालली होती. थोड्या वेळाने ती एका लांबलचक पुलावर चढली आणि खिडकीतून खारट, चिखलट वारा आत आला.

"आली बघा आपली हवा," वहिनी समाधानाने म्हणाल्या.

कीर्तीने डोळे उघडले. "काका, फोर्टच्या वाटेवर वसईची खाडी कधीपासून लागते?"

बळवंतराव झटकन पुढे वळले.

"चिंधू," बळवंतरावांनी शक्य तितक्या सपाट आवाजात विचारले, "आपण कुठे चाललोय?"

"घरी," चिंधू म्हणाला. "आनि कुठं? इमानतळावरून मानूस घेतला की घरी. आमी आजपातूर दुसरीकडं कोनाला नेलाच नाय."

"फोर्टला जायचंय हे तुला कोणी सांगितलं नाही?"

"कोंबड्याचं सांगितलंत. फोर्टचं नाय."

वहिनींनी बळवंतरावांच्या लिंबाच्या खिशाकडे पाहिले, आणि ते पाहणे पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत टिकले.

गाडी वळवली, तेव्हा शहराच्या दिशेने ट्रकांची रांग उभी होती. मघाचा सुरळीतपणा कशामुळे होता, हे बळवंतरावांना आता दिसले: सारे जग मुंबईत शिरत होते आणि ते एकटे मुंबईपासून पळत होते. आपण एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढला, ही जाणीव त्यांना मुलाखतीच्या काळजीइतकीच बोचली.

दहिसरला त्यांनी गाडी सोडली. इथून मेट्रो होती; दोनदा बदलायची, पण होती. "मी आणि कीर्ती जातो," बळवंतराव म्हणाले.

"मघाशी पन तुमीच नेत होता," असे म्हणून वहिनी बोंबलांचा डबा घेऊन उतरल्या. आत्मारामही उतरले. बॅगांची राखण चिंधूकडे राहिली.

पहिल्या मेट्रोत चांगलीच गर्दी होती. वहिनींच्या डब्याचे झाकण जरा सैल होते. दुसऱ्या स्थानकापर्यंत त्यांच्याभोवती ऐसपैस जागा झाली, तिसऱ्याला चौघांनाही बसायला मिळाले.

"हे बघा, बसायला मिळालं," वहिनी म्हणाल्या. "ह्याचं कारन काय, भावजी? कोंबडा की सूर्य?"

दोन गाड्या बदलून ते मरोळला भुयारात उतरले आणि फोर्टाकडे जाणाऱ्या मेट्रोत चढले. पुढच्याच स्थानकाची घोषणा झाली. विमानतळ.

"अगोबाई! इथंच तर होतो ना आपन सकाळी?"

कीर्ती हसू दाबत म्हणाली, "काका, मी शाळेत असताना तुम्हीच शिकवलं होतंत. कापलेलं अंतर भरपूर..."

"...विस्थापन शून्य," बळवंतरावांनी वाक्य पुरे केले आणि ते खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत राहिले.

हुतात्मा चौकात ते वर आले, तेव्हा वेळ जेमतेम उरली होती. संस्थेच्या दाराशी कीर्ती एकदम थबकली. तिने हात नाकाशी नेले.

"काका, बोंबील! साबणाने मेट्रो स्टेशनात धुतले, तरी वास जात नाहीये. आत गेल्यावर हात मिळवतील ते."

बळवंतरावांनी खिशात हात घातला.

"माशाचा वास अमाइन जातीच्या द्रव्यांचा," ते म्हणाले. "ती अल्कधर्मी. त्यांना आम्ल भेटलं की त्यांचे क्षार होतात, आणि क्षार हवेत उडत नाहीत." एवढे बोलून त्यांनी दाताने ते लिंबू फोडले आणि पुतणीच्या दोन्ही तळव्यांवर पिळले.

कीर्तीने हात चोळून हुंगले. वास गेला होता. ती धावतच आत गेली.

वहिनींनी पिळलेल्या लिंबाकडे पाहिले, मग भावजींकडे.

"वहिनी, हे रसायन आहे," बळवंतराव म्हणाले.

"मी कुठं नाय म्हटलं? आमी त्यालाच लिंबू म्हनतो."

आत मुलाखत अजून सुरूच झाली नव्हती. बाहेरगावचे तज्ज्ञ सकाळीच विमानाने आले होते. त्यांना घ्यायला संस्थेने पुष्पगुच्छासह गाडी पाठवली होती, आणि ती वांद्र्याच्या अलीकडे कुठेतरी उभी होती. घामाघूम तज्ज्ञ पोहोचले तेव्हा कीर्ती शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसली होती. आठवड्याभराने फोन आला. जागा तिला मिळाली.

पहिल्या शनिवारी चिंधूची गाडी तिला आणायला निघाली, तेव्हा वहिनींनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले. बळवंतरावांनी ते शांतपणे काढले आणि पुसले. मग ते चिंधूच्या खिडकीशी गेले.

"चिंधू, कुठे जायचंय?"

"पालघर स्टेशन."

"आणि तिथून?"

"घरी."

"बरोबर," बळवंतराव म्हणाले आणि गाडीत बसले. लिंबू त्यांनी खिशात ठेवले. पोरगी भुकेली येणार होती, आणि डब्यात बोंबील होते.