शेपूटतुटकीची खुशाली

मी राखीव जंगलात रखवालदार. आमची लेक तिथेच उंदरांचा अभ्यास करायची. हसू नका! कुठले उंदीर गवतात राहतात, कुठले झुडपात, कुठले खडकात, एवढ्यासाठी तिने जागोजागी पिंजरे लावले, आणि ते वाहायला बाप होताच. उंदीर पकडायचा, कानात बिल्ला लावायचा, सोडून द्यायचा. त्यात गवतातली एक उंदरीण होती, शेपूट अर्धीच. पोरीची भारी लाडकी. तिला आम्ही शेपूटतुटकी म्हणायचो.

मग पोरीला परदेशात नोकरी लागली. जाताना म्हणाली, "बाबा, शेपूटतुटकीकडे लक्ष ठेवा."

दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच. पहिल्याच हिवाळ्यात शेपूटतुटकी दिसेनाशी झाली. पण खरं सांगितलं तर पोर माझ्याशी बोलेल कशाला? आमच्यात दुसरा विषयच नव्हता. म्हणून थापा मारत राहिलो. आज बिया खात होती. पिल्लं झाली. गवत कापलं, तशी झुडपात गेली. बाईंचं पोट सुटलंय. पोर खळखळून हसायची आणि ते हसू मला आठवडाभर पुरायचं.

गेल्या रविवारी काही सुचेना. "आता खडकात बिऱ्हाड केलंय तिने," असं ठोकून दिलं आणि जीभ चावली. अहो, खडकातला उंदीर वेगळा! शेपूटतुटकीची जात फार तर झुडपापर्यंत जाईल. हे मला पोरीनेच शिकवलेलं.

"बाबा, ती खडकात जात नाही."

"हं."

"आणि वर्षभराच्या वर सहसा जगतही नाही. मला येऊन तिसरं वर्ष चाललंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रागच आला. "माहीत होतं तर दर आठवड्याला विचारत कशाला होतीस?"

"दुसरं काही विचारलं की तुम्ही 'बरं आहे' म्हणता आणि फोन आईला देता. उंदरांचं विचारलं की बोलता. मला तुमचा आवाज ऐकायचा असतो, बाबा."

ही शेजारी उभी होती, तिच्याकडे पाठ केली.

"तुझ्यावाचून करमत नाही गं," मी म्हणालो. "ये ना घरी."

तिकडून रडण्याचा आवाज आला. रजा मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.