न्हाणीमागची ओली जागा

मी एक जुना लोखंडी पाइप आहे, मित्रांनो. पण मला बघायला याल तर फसाल. न्हाणीच्या मागं, शेवग्याच्या बुडाशी वीतभर गंजकं टोक दिसेल, त्याला आवळलेली एक तार दिसेल, आणि बाकी सगळा मी जमिनीखाली. जिताजागता पुरलेला म्हणा हवं तर. मला पुरलं त्याचं वाईट कधी वाटलं नाही. वाईट वाटलं ते मला उपटून बाहेर काढलं तेव्हा, आणि तीच गोष्ट आज सांगायची आहे.

माझी पहिली नोकरी पाण्याची होती. धारूरच्या घाटाखाली एका वाडीत हातपंपाच्या बोअरमध्ये मला उतरवलं होतं. आमच्या डोंगरात पाणी दगडाच्या पोटात लपून बसतं, ते मी वर आणून द्यायचो. बाया हापसता हापसता गप्पा मारायच्या, पोरं माझ्या तोंडाला ओंजळ लावायची, आणि सगळे मला चांगलं म्हणायचे. मग पाणी खाली खाली गेलं. शेवटच्या उन्हाळ्यात लोक हापसायचे आणि मी नुसता घसा खरवडायचो. तेव्हा मला कळलं की एकदम तळाशी काय असतं. काही नसतं. पाणी नाही, किडामुंगी नाही, आवाज नाही, नुसता काळा कोरडा दगड. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

बोअर आटलं तसं मला वर ओढलं आणि तुकडे केले. त्यातला एक तुकडा रामहरीच्या नव्या दोन खोल्यांच्या घरी आला, तो मी. रामहरी आणि त्याची बायको शिवकन्या ऊसतोडीला जाणारी माणसं. दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यावर, ते पाडव्याच्या आसपास परत. घरात वीज घ्यायची होती म्हणून वायरमन शहादेव आला. त्यानं न्हाणीमागं खोल खड्डा घेतला, मला उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरला आणि घरातून आलेली तार माझ्या टोकाला आवळली.

"रामहरीभाऊ, ह्याला आर्थिंग म्हणत्यात," तो म्हणाला. "दिसाया भंगार हाय, पर घराचा राखणदार ह्योच. हितली ओल मोडू देऊ नका. कोरडा पडला की मेला समजा."

रामहरी शहाणा. त्यानं न्हाणीचं सांडपाणी माझ्याच बुडाशी सोडलं. घरात एखाद्या यंत्राची तार सोलली आणि वीज त्याच्या पत्र्यात उतरली, तर तिला निघून जायला वाट लागते. तीन पायांच्या पिनेतला जाड पाय असतो ना, तो ही वाट उघडतो. वीज त्या वाटेनं माझ्याकडं येते आणि मी तिला ओल्या मातीत जिरवून टाकतो. हे काम कुणाला दिसत नाही. दिवा लागला की दिव्याचं कौतुक होतं, माझं नाव कोण घेतो.

आता करिष्माचं सांगतो. ही रामहरीची पोर, चौथीतली. आईबाप तोडीला निघाले की हिचं रडणं घाटापर्यंत ऐकू जायचं. गेल्या दिवाळीआधी रामहरी कामानिमित्त बीडला गेला होता. तिथं एक केस कापायचं दुकान मोडत होतं, त्यातली माशांची काचेची पेटी तो घेऊन आला. एसटीत मांडीवर धरून आणली म्हणे. पेटीवर पत्र्याचं झाकण आणि झाकणाच्या आत नळीचा दिवा. लाल मासे, हिरवं शेवाळ, आणि दिवा लावला की सगळी खोली पाण्यात बुडाल्यासारखी व्हायची.

निघताना शिवकन्या लेकीला म्हणाली, "रोज सांजच्याला ह्यो दिवा लावायचा. दिवा लागला की समजायचं आई घरात आली."

झालं. त्या दिवसापासून तो दिवा दिवा राहिला नाही. संध्याकाळी करिष्मा बटण दाबायची, फडावरून शिवकन्याचा फोन यायचा, आणि पेटीच्या एका बाजूला पोरीचं तोंड, दुसऱ्या बाजूला फोन, मधून मासे फिरताहेत. घरात मागं राहिलेली भिवराबाई, म्हणजे रामहरीची थोरली बहीण, चुलीपाशी बसून हे बघायची आणि पदर डोळ्याला लावायची. करिष्मा तिला आत्या म्हणायची. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती करिष्मावर जीव ओवाळून टाकायची, दुसरा शब्द नाही.

थंडी पडली आणि मला पहिल्यांदा ते जाणवलं. संध्याकाळी दिवा लागला की तारेतून काहीतरी उतरायचं. थोडंसं, थरथरत. झाकणाला आतून पाण्याचा दमटपणा धरत होता, दिव्याच्या वायरीचं रबर जुनं होऊन तडकलं होतं, आणि वीज पत्र्यात झिरपत होती. मी ती मातीत जिरवत होतो. माझं कामच ते. पण मातीत राहणाऱ्यांना ते सोसेना. गांडुळं वर यायला लागली. रोज तिन्हीसांजेला, दिवा लागला की माझ्याभोवतीच्या ओल्या मातीतून वळवळत वर. दिवा मालवला की पुन्हा खाली. कोंबड्या आधी धावल्या, मग त्याही लांब उभ्या राहून नुसत्या बघायला लागल्या.

भिवराबाईनं हे पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. ती कुणाला बोलली नाही. तिला वाटलं, ओल फार झाली म्हणून किडे येताहेत. तिनं न्हाणीचं पाणी माझ्याकडून तोडलं आणि पाट काढून वांग्याच्या वाफ्याकडं नेलं. चूक म्हणू नका लगेच. पाण्याची टंचाई असलेल्या घरात कुठली बाई पाणी नुसतं मातीत मुरू देईल?

गांडुळं थांबली. माती वाळली, तडकली, मीठ पांढरं होऊन वर आलं. आणि मी अडकलो. दिवा लागला की वीज यायची आणि तिला पुढं जायला वाटच नाही. ती माझ्या अंगावर साचून राहायची, तारेतून मागं फिरून झाकणावर चढून बसायची. बोअर आटलं तेव्हा मला जसं वाटलं होतं, तसंच आता वाटत होतं. मी घाबरलो होतो, मित्रांनो. लोखंड घाबरत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही लोखंडाला ओळखत नाही.

करिष्मा एका संध्याकाळी म्हणाली, "आत्या, माशाच्या झाकणाला हात लावला की मुंग्या येत्यात."

"मग तू नगं लावू. आजपासून माशाला खायाला मी घालीन. तू नुसतं लांबून बटण दाब," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या उत्तरेश्वरला दाखवायला बोलावलं. तो आला भर दुपारी, लाईट गेलेली असताना. त्यानं झाकणावरून सगळीकडं हात फिरवला. "काय न्हाई आत्या, पोरीला उगंच भास झालाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

त्या घरात चांदी नावाची काळी शेळी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. भिवराबाई तिला माझ्या टोकाला बांधायची. दिवसभर चांदी मजेत असायची. सांज व्हायला लागली की दावं ताणून जमेल तितकी लांब जायची, माझ्याकडं तोंड करून उभी राहायची आणि एक पाय उचलून धरायची. कधी हा, कधी तो. ओरडायची नाही. नुसती माझ्याकडं बघत राहायची.

होळीच्या आधीची गोष्ट. त्या संध्याकाळी दावं माझ्याभोवती गुंडाळून आखूड झालं होतं, चांदीचं अंग मला टेकलं होतं, आणि घरात बटण दाबल्याचा आवाज आला. चांदीचे चारही पाय ताठ झाले आणि ती जागच्या जागी आडवी पडली. उत्तरेश्वर धावत आला, दाव्याला धरून त्यानं तिला लांब ओढलं. जगली बिचारी, पण मागचा पाय ओढायला लागली.

भिवराबाई दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"त्या जागेत काय तरी हाय उत्तरेश्वर," ती हळू आवाजात म्हणाली. "आधी किडे आले. आता मुकं जनावर पाडलं. उद्या माझी पोर पाडंल."

तिनं दहीभाताचा उतारा काढला, लिंबू कापून हळदकुंकू लावून माझ्या डोक्यावर ठेवलं. लिंबाचा रस माझ्या अंगावरून ओघळला. मला तिची दया येत होती. तिला कळलं होतं ते खरं होतं. त्या जागेत काहीतरी होतंच. फक्त ते जमिनीतून घरात येत नव्हतं, ते घरातून जमिनीकडं येत होतं.

"उपटून टाक त्यो पाइप," ती म्हणाली.

"आर्थिंगचा हाय म्हणं त्यो."

"त्याच्याबिगर दिवा लागत न्हाई का?"

उत्तरेश्वरनं कुदळीच्या घावानं तार तोडली आणि आत जाऊन पाहिलं. माशांचा दिवा जळत होता, पंखा फिरत होता, फोन चार्ज होत होता. मी बिनकामाचा ठरलो. सकाळी दोघांनी मला हलवून हलवून उपटलं आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा चांदी माझ्या रिकाम्या खड्ड्यापाशी आली आणि निवांत पाला खात बसली. भिवराबाईनं देवाला हात जोडले. सगळ्यांची खात्रीच पटली.

मी खिडकीतून आत बघत होतो. पत्र्याच्या त्या झाकणावर काय बसलं आहे ते त्या घरात मला एकट्याला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

तीन-चार दिवस करिष्मानं लांबूनच बटण दाबलं, आणि आत्या सकाळी, दिवा बंद असताना, माशांना खायला घालायची. मग एका दुपारी, ती शाळेत गेलेली असताना, एक लाल मासा उलटा होऊन वर आला. उकाड्यानं पाणी तापलं होतं, मासा गेला, त्यात विजेचा काही हात नव्हता. भिवराबाई फरशी पुसत होती. तिनं तो पाहिला आणि फडकं खाली टाकलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "पोरगी येऊन बघंल तर रडून जीव देईल."

तिला तो मासा करिष्मा यायच्या आत काढून पुरायचा होता. खोलीत अंधार होता, म्हणून दिसावं यासाठी तिनं दिवा लावला. पाय अनवाणी, फरशी ओली. एका हातानं तिनं झाकण उचललं.

ती ओरडली नाही. वीज ओरडू देत नाही, हात सोडूही देत नाही. तिचे सगळे स्नायू आवळले आणि ती तशीच उभी राहिली, मान किंचित खिडकीकडं वळलेली. मासे आपले फिरत होते. तिची नजर माझ्यावर होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून उभा होतो, तार तुटलेली, बुडाला माती नाही. ती वीज माझी होती, माझ्याकडं यायची होती. मग ती खाली पडली. दिवा जळत राहिला.

चार वाजता करिष्मा दारात आली. दिवा लागलेला पाहून ती आधी हसली.

रामहरी आणि शिवकन्या फड सोडून आले. दहावं-तेरावं झाल्यावर शहादेव आला. त्यानं टेस्टर झाकणाला लावला, मग तुटकी तार पाहिली, मग मला पाहिलं. "कावून काढला रे ह्याला," तो म्हणाला.

रामहरीनं स्वतः खड्डा घेतला, पहिल्यापेक्षा खोल. मीठ, कोळसा, नवी जाड तार. पत्र्याचं झाकण फेकून दिलं. शहादेवनं मीटरपाशी एक डबी बसवली, गळती झाली की ती घराची वीज आपोआप तोडते. न्हाणीचं पाणी पुन्हा माझ्याकडं वळलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माशांची पेटी असेल तर पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करा आणि पिनही उपसून ठेवा. पिनेचा तो जाड पाय बसत नाही म्हणून कुणी तोडत असेल तर त्याचा हात धरा. कशाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर गप्प बसू नका, आणि लाईट गेलेली असताना कुणी तपासलं तर ते तपासणं समजू नका. घरामागं माझा एखादा भाऊबंद पुरलेला असेल. त्याला पाणी घाला.

मला पाणी करिष्मा घालते. न्हाणीचं येतंच, तरी रोज संध्याकाळी ती तांब्या भरून आणते. चांदी लंगडत तिच्या मागं येते आणि माझ्या टोकाला पाठ लावून बसते. करिष्मा वाकते, पाणी ओतते आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणते, "आत्या, घे."

तिला वाटतं आत्या खाली आहे. तळाशी काय असतं ते मी बघून आलोय, तिथं कुणी नसतं. मला बोलता आलं असतं तरी हे मी तिला सांगितलं नसतं. पण एक सांगतो. शेवग्याच्या मुळ्या, मीठ, कोळसा, मी, आम्ही सगळे आमचा वाटा घेतो, आणि तरी तांब्यातलं थोडं पाणी आमच्याही खाली जातं. तिथं ते मुरल्याचा आवाज येत नाही. कुणीतरी सावकाश प्यायल्याचा येतो.