बाईंची रेघ

"तो कॅरमबोर्ड घरात आणायचा नाही," बाईंनी दारातच बजावलं. "इथे शिवणकाम चालतं, अड्डा नाही."

धाकटी जाऊ हसली आणि कॅरमबोर्ड काखेत मारून आत आलीच. "अहो जाऊबाई, याच्यावर कापड पसरून बघा तरी. इतकं गुळगुळीत! कापड कसं छान सपाट बसतं."

"मग सोंगट्याही आणायच्या होत्यास. शिवता शिवता राणी घेतली असती."

"सोंगट्या आहेत ना पिशवीत. कागद उडू नये म्हणून ठेवते मी कोपऱ्यांवर."

बाईंनी कपाळाला हात लावला. सगळी नोकरी त्यांनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात घालवली होती, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना बाईच म्हणत होतं. त्यांची कात्री फक्त कापडाला लागायची. एकदा त्यांच्या मुलाने त्या कात्रीने दोरी कापली, तर बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आणि ही धाकटी! जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढले, निवृत्त झाल्यावर मोबाइलवर बघून गोधड्या शिवायला लागली, आणि आता शिवणाच्या नावाखाली घरातलं सगळं भंगार बाहेर काढत होती. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे. गोल काढायला ताटल्या. शिवण दाबायला लाटणं. नवऱ्याच्या मासे पकडायच्या गळाची शिशाची वजनं कापडावर ठेवायला. वर नक्षीचे साचे कापायचे ते जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून!

बाईंनी एक षट्कोनी तुकडा उचलून खिडकीशी धरला. "हे काय आहे?"

"गुडघा असावा कुणाचा तरी."

"शी! माणसाच्या हाडांवरून गोधडी शिवतेस? आणि ती लोकांना पांघरायला देतेस?"

"ऊब तेवढीच लागते हो," धाकटी म्हणाली. तिचा पाणउतारा करणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं होतं. बाईंना त्याचाच जास्त राग यायचा. माणसाला लागत कसं नाही?

तिने पिशवीतून एक पेन काढलं. "हे मात्र बघाच. साधं दुकानातलं पेन. कापडावर रेघ मारायची, शिवायचं, वरून इस्त्री फिरवली की शाई गायब! खडूची कटकटच नाही. फक्त एक आहे, ती शाई थंडीत..."

"पुरे गं बाई. शाई गायब होते, कळलं. सोबत अक्कलही जात असेल."

"अहो, ऐका तर..."

"मला नाही ऐकायचं. माझ्या हाताला खडू पुरतो."

ते खोटं होतं. खडू पुरत नव्हता. गेल्या वर्षापासून बाईंच्या डोळ्यांसमोर मधोमध एक धुरकट डाग आला होता, आणि त्याच्या आजूबाजूच्या सरळ गोष्टी वाकायला लागल्या होत्या. दाराची चौकट, जिन्याचा कठडा, सगळं पोटात दुखल्यासारखं वाकडं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजलाय, याला शस्त्रक्रिया नाही. बाईंनी ही गोष्ट मुलाला सांगितली नव्हती, सुनेला सांगितली नव्हती, आणि धाकटीला तर मेल्या तरी सांगितली नसती. कारण शाळेच्या नव्या सभागृहात त्यांच्या हातची गोधडी कायमची लागणार होती. पांढरं कापड, पांढरा दोरा, वर काहीही नक्षी नाही. नुसत्या सरळ धावदोऱ्याच्या ओळी. बाईंची रेघ! पट्टी न लावता त्या फळ्यावर रेघ मारायच्या तेव्हा मुली श्वास रोखून बघायच्या. ज्या मुलीची रेघ वाकायची तिचं सगळं काम त्या उसवायला लावत. "पट्टी लंगड्यांना लागते," म्हणत. ती गोधडी आता दुसरं कुणी करणं म्हणजे बाई संपल्या असं जाहीर करण्यासारखंच होतं.

धाकटी गेली तेव्हा पेन टेबलावरच राहिलं होतं. शेजारी रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टीही होती. बाईंनी दोन्ही उचलून खिडकीच्या फळीवर ठेवलं, धाकटीला परत द्यायला म्हणून. दुपारी त्यांनी निळ्या खडूने पहिली रेघ मारली. खडू दिसलाच नाही. बोट लावून बघितलं तर बोटाला निळं लागलं. म्हणजे रेघ होती, फक्त त्यांच्यासाठी नव्हती.

त्यांनी पेन घेतलं. चीड आली होती, पण घेतलं. काळी शाई ठळक उमटली. रेघ मारून झाल्यावर त्यांनी पाहिलं तर ती मध्येच फुगलेली. माझी रेघ? बाईंनी इस्त्री फिरवली. कापड कोरं! दुसरी मारली, तीही वाकडी दिसली. मग तिसरी, मुद्दाम उलट्या अंगाला वळवून. ती सरळ दिसली आणि म्हणून त्यांना धडकी भरली. डोळा सरळ म्हणतोय म्हणजे रेघ नक्की वाकडी. कुणावर विश्वास ठेवायचा? पुन्हा इस्त्री.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. सुनेला वाटायचं सासूबाई कापड कडक करून घेतायत. शेवटी एका दुपारी बाईंनी खालमानेने ती रंगाऱ्यांची चिकटपट्टी उचलली आणि दोन्ही कडांना बोटांनी मापून केलेल्या खुणांशी जुळवून, ताणून कापडावर चिकटवली. तिच्या काठाला बोट लावलं तर काठ हाताला लागत होता. डोळे मिटले तरी लागत होता. बाईंनी त्या काठाकाठाने सुई चालवली, पट्टी सोडवली, पुढे चिकटवली. गोधडी पुरी झाली. ओळी सरळ होत्या. घरातल्या सगळ्यांनी वाहवा केली. धाकटीने हात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला तोड नाही." बाईंनी मान वळवली. भंगारवालीकडून कौतुक!

शाळेने गोधडी काचेच्या चौकटीत लावायचं ठरवलं होतं. चौकटवाला जुन्या वस्त्रांची कामं करणारा. त्याची एक पद्धत होती. काचेत कापड बंद करण्याआधी तो ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओळखीच्या शीतगृहात बर्फाच्या खोलीत ठेवायचा, म्हणजे धाग्यातली कीड आणि अंडी मरतात. ही गोधडीही तिथे राहिली. बाहेर काढल्यावर तिच्यावर जे दिसलं ती त्याला नक्षीच वाटली. त्याने चौकट केली, पडदा लावला, बिल दिलं आणि गेला.

सभागृह भरलं होतं. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी लांबून आल्या होत्या. कुणी वकील, कुणी परिचारिका, कुणी नुसत्याच जाड झालेल्या. बाई मंचावर ताठ बसल्या होत्या. मुख्याध्यापिकेने पडदा ओढला.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. मग कुजबुज. बाईंना समोर एक पांढरा चौकोन दिसत होता, मध्ये त्यांचा नेहमीचा डाग. त्यांना काहीच कळेना. "काय झालं?" त्यांनी शेजारी विचारलं. शेजारी नेमकी धाकटी होती.

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. मग गोधडीकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे, यावेळी जरा जास्त वेळ.

"तुम्हाला दिसत नाहीये?" ती हळूच म्हणाली.

"काय दिसायचंय?"

"रेघा परत आल्यात, जाऊबाई. त्या पेनाच्या. थंडीत परत येतात त्या. सगळ्याच आल्यात. पुसलेल्यासुद्धा."

सरळ टाक्यांच्या बाजूने, वरून, खालून, एकमेकींना ओलांडत त्या सगळ्या वाकड्या रेघा भर सभेत उभ्या होत्या, आणि त्या दिसत नव्हत्या अशा एकट्या बाईच होत्या.

"हे असं का दिसतंय?" मुख्याध्यापिका अवघडून म्हणाली. "कुणी खोड्या केल्या का?"

धाकटी उठून उभी राहिली. "माझं काम आहे ते," ती मोठ्याने म्हणाली. "खुणा करायला मी हौसेने पुढे झाले. पेनही माझंच. माझा हात असा, तुम्हाला माहीतच आहे."

सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या रांगेतली एक माजी विद्यार्थिनी खिदळली. "तरीच! बाईंच्या हातून असं कसं होईल? कॅरमबोर्डवर गोधड्या शिवणाऱ्या त्या याच ना? एक्स-रेवाल्या?" मागून आणखी कुणी तरी म्हणालं, "हौशी लोकांना हात लावू दिला की असंच होतं." सगळ्या हसल्या. आवाज बाईंचाच होता, फक्त दुसऱ्यांच्या तोंडून येत होता. शिकवलं ते चांगलंच मुरलं होतं पोरींमध्ये.

धाकटीही हसत होती. लागत नव्हतं तिला. की लागत होतं आणि ती दाखवत नव्हती? बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हा विचार केला, आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही.

"गप्प बसा!" बाई कडाडल्या. वर्गातला आवाज होता. वकील आणि परिचारिका एकदम सावरून बसल्या. "कशाला दात काढताय? हिची रेघ इतकी वाकडी येत नाही. त्या माझ्या आहेत. मला दिसत नाही नीट, म्हणून वाकड्या आल्यात. आणि टाके सरळ आलेत ते हिच्या चिकटपट्टीमुळे."

मुख्याध्यापिका पुढे आली. "बाई, चौकट उघडून इस्त्री करून आणू का? जातील त्या."

"नको. राहू देत."

त्या उठल्या. धाकटीने हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला. दोन पावलं गेल्यावर चौकट नेमकी कुठे आहे ते कळेना, तेव्हा थांबल्या. "आता कुठे गेलीस? इकडे ये." धाकटी आली. बाईंनी काचेला बोट लावलं. काच गुळगुळीत, गार. हाताला काहीच लागत नव्हतं.

"कुठे आहे? दाखव."

धाकटीने त्यांचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि काचेवर एका टोकाला टेकवलं. सगळं सभागृह बघत होतं. तिने बोट हळूहळू पुढे नेलं.

"इथपर्यंत सरळ आहे. आता वर चढली."

"किती?"

"बरीच. आता खाली येतेय."

"खोटं नाही ना सांगत?"

"नाही हो. आता परत वर."

"ही झाली," बाई म्हणाल्या. "पुढची दाखव."