चार दोऱ्यांचा पतंग

श्रीशैल सत्तावीस वर्षांचा झाला, तेव्हा पहिल्यांदा बहिणीकडं सलग चार दिवस राहायला आला. त्याआधी तो सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. आता जर्मनीहून आला होता. पाठीवर एक लांबोडकी पिशवी होती. शिवकांताला वाटलं, छत्र्या असतील.

शिवकांता लातूरला मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होती. हॉस्टेल गुरुलिंग सरांच्या क्लासचं. तीस पोरांवर सुरू झालेला क्लास आता पाच मजली झाला होता, हॉस्टेलही त्याच इमारतीत. मुखेड, लोहा, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून मुली डॉक्टर व्हायला येत आणि दोन वर्षं भिंतीकडं तोंड करून पाठांतर करत. नोकरी धरताना शिवकांतानं एकच अट घातली होती. राहायला खालची खोली नको, गच्चीवरची पत्र्याची द्या. सरांनी कारण विचारलं नाही. भूकंपाच्या पट्ट्यातली बाई, त्यांना कळलं. पत्रा अंगावर पडला तर माणूस उठून उभं राहतं.

औसा तालुक्यातलं तिचं गाव त्र्याण्णव साली गेलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर हातभर मातीचं माळवद. आई, अप्पा, मधली बहीण, तिघंही त्याखाली राहिली. शिवकांता पंधरा वर्षांची होती, श्रीशैल सहा. उदगीरच्या सिद्धम्मा मावशीनं दोघांना नेलं, पण तिच्या घरात आधीच सात माणसं. एकाचं करीन, म्हणाली. पुढं पुण्याच्या एका संस्थेचे लोक आले. लहान मुलांना सांभाळतो, शिकवतो, म्हणाले. कागदावर सही शिवकांतानं केली. जीपमध्ये बसताना श्रीशैल रडला नाही. अक्काही येणार आहे असं त्याला वाटत होतं, म्हणून त्यानं शेजारच्या जागेवर हात ठेवून ती धरून ठेवली होती.

तेव्हापासून दोघांचं बोलणं तब्येतीचं, हवेचं आणि जेवणाचं.

पहिल्याच दिवशी त्यानं गच्चीवर पिशवी उघडली. आतून काळ्या काड्या निघाल्या, आणि रेशमासारखं सळसळणारं लाल-पांढरं कापड.

"हे काय रे, शैलू?"

"पतंग, अक्का."

"संक्रांत होऊन महिना झाला की."

तो हसला. "हा संक्रांतीचा नाही. ह्याला दोन दोऱ्या असतात. तिकडं मी दर शनिवारी उडवतो."

दुसऱ्या दिवशी ते औशाच्या रस्त्याला गेले. तिथं एका माळावर प्लॉट पाडून ठेवले होते. नंबराचे दगड होते, घरं नव्हती. श्रीशैलनं पंचवीस मीटरच्या दोऱ्या उलगडल्या, पतंग मातीत शेपटावर उभा केला, मनगटांत पट्टे अडकवले आणि एक पाऊल मागं टाकलं. पतंग भर्रकन वर गेला. मग त्यानं तो आडवा नेला, काटकोनात वळवला, जमिनीपासून वीतभर उंचीवरून सरळ रेषेत आणला आणि परत शेपटावर उभा केला, पाखरू कुंपणावर बसावं तसा. शिवकांता बघत राहिली. इतकं नेटकं काम करणारा हा माणूस आपला भाऊ आहे, आणि हे त्याला कुणी शिकवलं ते आपल्याला ठाऊक नाही, असं तिला वाटलं.

मग तिची पाळी आली. पतंग वर गेला आणि नाकावर आपटला. पुन्हा गेला, पुन्हा आपटला.

"हात वर नको नेऊस," श्रीशैल म्हणाला. "पोटाजवळ ठेव. उजवा ओढलास की उजवीकडं, डावा ओढलास की डावीकडं. बस. आणि पडायला लागला की घाबरून दोन्ही हात ओढू नकोस, त्यानं तो जास्त जोरात पडतो."

"मग काय करू?"

"दोन पावलं पुढं जा. दोऱ्या सैल सोड."

हे तिला अवघड गेलं. पडणाऱ्या गोष्टीकडं चालत जायचं अंगात नव्हतं. रस्त्यावरून जाणारा एक मोटरसायकलवाला थांबून ओरडला, "मांजा कुठाय, मावशी? काटायचा कुणाचा?" तिनं लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं आठाचा आकडा काढला, वेडावाकडा, पण पुरा. दोऱ्यांना पीळ पडला तरी पतंग ऐकतो, उलट्या बाजूनं फिरवला की पीळ सुटतो, हेही तिला कळलं. ती मोठ्यानं हसली. किती तरी वर्षांत अशी हसली नव्हती.

त्याच वेळी श्रीशैलनं विचारलं, "अक्का, आपल्या लिंगायतांत पुरतात ना? मग आईची समाधी कुठंय? तू कधी नेलं नाहीस मला."

पतंग सरळ खाली आला. खडकावर आपटला, आणि एक काडी मोडल्याचा आवाज तिला पंचवीस मीटरवरून ऐकू आला.

"सांगीन कधीतरी," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. रात्री गच्चीत बसून मोडकी काडी काढली, पिशवीतली दुसरी घातली. सकाळी जाताना पिशवी तिथंच ठेवली. "दोन्ही राहू दे तुझ्याकडं. हा दुसरा चार दोऱ्यांचा आहे, हलका. हा घरात उडवायचा. मोठ्या हॉलमध्ये."

"वाऱ्याबिगर?"

"आपण मागं मागं चालत राहायचं. चालण्याचाच वारा लागतो त्याला."

"आणि थांबलं की?"

"हळूहळू खाली येतो." तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "दिवाळीत येतो. दोघं मिळून उडवू."

तो गेला आणि शिवकांता रविवारी एकटीच माळावर जायला लागली. मुली क्लासच्या परीक्षेला बसलेल्या असत, तेवढे तीन तास तिचे. एकटीनं पतंग चढवायचा म्हणजे तो आधी उभा करायचा, दोऱ्या धरून पंचवीस मीटर चालत यायचं, तोवर तो वाऱ्यानं आडवा. पुन्हा जायचं, पुन्हा उभा करायचा. मागून कुणी धरून द्यायला असतं तर निम्मा वेळ वाचला असता. उन्हाळा येईतो तिला कोपरे जमले, जमिनीवर अलगद उतरवणं जमलं. मोबाईलवर तिनं पतंगाचा एक फोटो श्रीशैलला पाठवला. फोटोत नुसतं आभाळ आणि एक ठिपका. त्यानं अंगठा पाठवला.

मे महिन्यात सीईटी झाली आणि मुली गावी गेल्या. हॉस्टेल रिकामं झालं. स्वयंपाकीणबाईही गेली. शिवकांता दोन भाकरी थापायची, एक सकाळी खायची, एक संध्याकाळी. चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की दोन दिवस आपण कुणाशी एक शब्द बोललो नाही. ती उठून गुरुलिंग सरांकडं गेली.

"सर, चौथ्या मजल्यावरच्या हॉलची किल्ली पाहिजे."

"कशाला, मॅडम?"

"पतंग उडवायचाय."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. ही बाई अकरा वर्षं जिना चढून गच्चीवर जाते, पण मधल्या कुठल्याच मजल्यावर गरजेपेक्षा जास्त थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खणातून किल्ली काढून दिली. "पंखे बंद ठेवा," एवढंच म्हणाले.

पहिल्या दिवशी ती दारातूनच परत आली. पाचशे पोरांचा हॉल, खुर्च्या एका बाजूला रचलेल्या, वर अख्खा स्लॅब. दुसऱ्या दिवशी दाराशी बसून तिनं नुसत्या दोऱ्या बांधल्या. दोन हातांत धरायच्या दोन मुठी, प्रत्येक मुठीला वर एक दोरी, खाली एक. तिसऱ्या दिवशी आत गेली. पाठीला घाम, कान छताकडं. वरून खडा पडल्याचा भास होई आणि ती दाराकडं धावे. एकदा तर पतंग पायाखाली यायचा राहिला.

पण हा पतंग वेगळा होता. वरच्या दोऱ्या ओढल्या की चढायचा. मूठ जरा कलवून खालच्या ओढल्या की जागीच थांबायचा, आणखी ओढल्या की उलटा, आल्या वाटेनं मागं जायचा. तो धावत नव्हता. तिच्याबरोबर चालायचा. ती मागं सरकली की तो पुढं येई, ती वळली की तोही वळे. भिंत आली की तिला गोल फिरावं लागे, नाहीतर पाठ आपटे. पाठ पुष्कळ वेळा आपटली. कोपरही सोलला. पंधरा दिवसांनी एकदा ती दमून खाली बसली, पतंग मांडीवर घेतला, आणि घड्याळात पाहिलं तर सव्वा तास झाला होता. दार तिनं आतून लोटून घेतलेलं होतं. कधी लोटलं, आठवेना.

जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुली परतल्या, नव्या आल्या. एका रविवारी सरांनीच सांगितलं, पोरींना दाखवा, तेवढाच जीव रमेल. शिवकांतानं हॉलमध्ये चाळीस मुलींसमोर पतंग उडवला. मुली आधी खिदळल्या. मग गप्प झाल्या. पतंग एकेकीच्या डोक्यावरून, केसांना न लागता गेला. संपल्यावर टाळ्या पडल्या, सगळ्यांनी फोटो काढले. शिकायला दोघी आल्या. एक तीन आठवडे टिकली, मुखेडची अक्षरा. हात चांगला होता तिचा. पण चौथ्या रविवारी दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, लई मन लागतंय ह्यात. म्हणूनच येत न्हाई आता. टेस्ट सुरू झाल्यात." शिवकांतानं मान हलवली. त्या पोरीचं काही चुकत नव्हतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी श्रीशैलचा फोन आला. ती हॉलमध्येच होती.

"अक्का, सुटी मिळेना गं. जानेवारीत बघतो. फार तर दोन दिवस."

"बरं."

"रागावलीस?"

"न्हाई." ती खिडकीशी गेली. परत फिरली. आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं. "शैलू, तू विचारलं होतंस समाधीचं. समाधी न्हाई रे."

ती तिथंच खाली बसली.

"आपल्यात पुरतात, खरंय. हातात लिंग देऊन बसवतात. पण त्या दिवशी पुरणार कोण? सगळं गाव तसंच पडलं होतं, वरून पाऊस. पडक्या घरांचीच दारं, तुळया गोळा केल्या, डिझेल ओतलं, आणि सगळ्यांना एका ठिकाणी... आईला मी ओळखलं. अप्पांना ओळखता आलं न्हाई. आईच्या गळ्यातलं लिंग तरी तिच्या हातात ठेवायचं, ते पण मला सुचलं न्हाई. पंधरा वर्षांची होते मी."

तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला मला तिथं न्यायचंच नाही. दिलं एकदा, संपलं."

"सही मीच केली होती."

"माहितेय. संस्थेतून निघताना फाईल दिली होती त्यांनी. तुझी सही पाहिलीय मी. खाली तारीख चुकवलीस तू."

"मग इतकी वर्षं बोलला न्हाईस?"

"तूही बोलली नाहीस, अक्का."

फोन कुणी आधी ठेवला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

जानेवारीत तो आला. दोघं जुन्या गावठाणावर गेली. बाभळी माजल्या होत्या, दगडांचे ढीग गवतात बुडाले होते. चिता जिथं पेटवल्या ती जागा शिवकांताला नेमकी सापडेना. ओढा होता तसा होता, पण काठाचं चिंचेचं झाड नव्हतं, आणि सगळीकडं हरभरा घाट्यांवर आलेला. ती या बांधावरून त्या बांधावर फिरली.

"इथं?" त्यानं विचारलं.

"इथंच कुठंतरी."

त्यानं बूट काढले आणि बांधावर उभा राहिला. तिनं आणलेली विभूती त्याच्या कपाळाला लावली, उरलेली मातीत सोडली. येताना रिक्षात त्यानं तिचा हात धरून ठेवला होता, आणि तो हात एका मोठ्या माणसाचा, अनोळखी हात होता.

लातूरच्या गाडीचं तिकीट मिळालं नव्हतं, म्हणून तो नांदेडहून जाणार होता. ती सोडायला गेली. पतंगांची पिशवी बरोबर घेतली होती, तिथं तासभर मिळाला तर एखाद्या मैदानात दोघं उडवू म्हणून. पण एसटी रस्त्यात बंद पडली, आणि स्टेशनवर पोचले तेव्हा मुंबईची गाडी लागलेली होती.

"तिकडं ये ना, अक्का," तो डब्याच्या दारातून म्हणाला. "हिवाळ्यात मोठ्या हॉलमध्ये जमतात सगळे. वीस-वीस जण एकत्र उडवतात."

"चाळीस पोरींना बघंल कोण?"

त्यानं लगेच मान डोलावली. थोडा आग्रह केला असता तरी चाललं असतं, असं तिला वाटलं. मग गाडी हलली.

परतीची एसटी लोह्याला दहा मिनिटं थांबली. शिवकांता पाय मोकळे करायला उतरली. स्टँडच्या मागं पीक काढलेलं मोकळं रान होतं आणि त्यावरून एकसारखा, दाबून वारा वाहत होता. वर्षभरात तिला वारा ओळखता यायला लागला होता. ती परत चढली आणि पिशवी घेऊन उतरली.

"मॅडम, गाडी सुटायलीय, येता का?" कंडक्टर ओरडला.

"जाऊ द्या."

तिनं दोन दोऱ्यांचा काढला. पहिल्याच फटक्यात तो चढला. आडवा नेला, कोपरा घेतला, उंच नेऊन वाऱ्याच्या कडेला धरून ठेवला, जिथं ओढ संपते आणि पतंग नुसता तरंगतो. तिचे डोळे भरून आले तेव्हा तिला तो दिसेनासा झाला, पण दोन्ही हातांना कळत होतं की तो कुठं आहे. शेळ्या घेऊन एक म्हातारी बांधावर येऊन टेकली होती.

"संगं कुणी न्हाई का, बाई?"

"न्हाई."

म्हातारीनं घटकाभर पाहिलं, मग शेळ्या हाकत निघून गेली. शिवकांता सावल्या लांबेपर्यंत उडवत राहिली. नंतर दोऱ्या गुंडाळल्या, पुढची एसटी धरली. त्या दिवशी हॉस्टेलची हजेरी अर्धा तास उशिरा झाली.