ओडिलने निवडलेली ताठ काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. साडेसात फूट उंच, काळी आणि स्वभावाने ताठ. वाकणं मला फारसं जमत नाही आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही.

कार्बनच्या धाग्यांचं कापड पोलादी सळईभोवती घट्ट गुंडाळून मला भट्टीत भाजलं, मग सळई ओढून काढली. इतर काठ्यांपेक्षा माझ्या अंगावर थर जास्त चढवले, मूठही लांब ठेवली. मग लुइझियानाच्या दलदलीकाठी, नोलनच्या दुकानात मी उभी राहिले. गिऱ्हाईक यायचं, मला हवेत झटकायचं, माझा शेंडा छताला टेकवून दाबून बघायचं आणि म्हणायचं, "ही काठी आहे की झाडूचा दांडा?" मग शेजारची लवचीक काठी घेऊन जायचं. मी धूळ खात राहिले.

एके दिवशी म्हातारी ओडिल आली. तिचा नवरा क्लोविस याचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्याने अधू झाला होता. तिने त्याला हौसेने एक हलकी काठी आणून दिली होती. त्या काठीच्या गळाला मोठा बास मासा लागला, पण काठी वाकतच गेली. माशाने पाण्यातल्या सायप्रस झाडाच्या मुळांना दोरी गुंडाळली आणि ती तुटली. पुढे तोच मासा मुळांत अडकून मेलेला दिसला. "खायला मारला असता तर गोष्ट वेगळी. हा माझ्या दुबळेपणाने मेला," असं म्हणून क्लोविसने होडी उपडी घातली आणि तो खुर्चीत बसला तो बसलाच. कॉफी पातळ झाली तरी बायकोला बोलेना. तिला हेच सहन होत नव्हतं. तिला तिचा भांडखोर नवरा परत हवा होता.

तिने मला उचललं तसा नोलन म्हणाला, "मावशी, आजारी माणसाला ही कशाला? पिसासारखी हलकी देतो ना."

"हलकी दिली होती रे. हात बघून घेतली, पाणी बघायचं राहिलं. आता तू मासा हो."

"काय होऊ?"

"दोरीचं टोक धर आणि पळ. त्या फ्रीजमागे लपायला बघ."

नोलन पळाला. ओडिलने मला फक्त डाव्या हातात धरलं आणि माझी लांब मूठ कोपराखाली बरगडीशी दाबली. मी जेमतेम वाकले. नोलन वेफर्सची पाकिटं पाडत फरफटत बाहेर आला.

"सोड गं मावशी! मेला मासा!"

"मेला नाही, जिवंत बाहेर आलाय. हीच बांध."

घरी क्लोविसने माझ्याकडे पाठ फिरवली. "मला खेळवू नकोस," म्हणाला.

"बरं. मी एकटी जाते."

"तुला होडी वळवता येत नाही."

"मग बुडेन. बघायला तरी ये."

तो आला. कमळाच्या पानांमध्ये एक फट होती, तिथे त्याने डाव्या हाताने आमिष सोडलं. पाणी फुगलं आणि मला मुठीपर्यंत हिसका बसला. क्लोविसने मला कोपराखाली दाबून वर उचललं. मासा मुळांकडे वळू बघत होता, मी त्याला वळू दिलं नाही. पण तो देठांच्या गुंत्यात रुतला, आणि दोरी गुंडाळायचं माझं चाक फिरवायला क्लोविसचा उजवा हात काही उठेना. ओडिलने मला धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" क्लोविस गरजला. "वल्हं मार, बाई, वल्हं! कमळं मोजत बसलीस काय?"

किती महिन्यांनी तो तिच्यावर ओरडत होता! तिच्या डोळ्यांना धार लागली.

"रडायचं ते घरी रड! आधी डावीकडे घे!"

ती रडत, हसत वल्हं मारत राहिली. होडी गुंत्यापाशी पोचली. तिने देठं ओरबाडली, त्याने मासा ओठाला धरून उचलला. कल्ले चांगले हलत होते. त्याने तो परत पाण्यात सोडला, तेव्हा माशाने शेपटी मारून दोघांना भिजवलं. घरी परतताना क्लोविस तिच्या कॉफीबद्दल इतकं वाईट बोलला की मला तिची कीव आली. ती मात्र खुशीत होती.

मित्रांनो, ताठ असणं म्हणजे निर्दय असणं नव्हे. दाट गुंत्यात मऊ काठीच माशाला तडफडवून मारते.

आम्ही पुष्कळ हंगाम पाहिले. आता क्लोविस नाही. मला पुसून, निळी फीत बांधून ओसरीच्या भिंतीवर टांगलंय. खाली खुर्चीत ओडिल बसते. तिची भाची कोरिन गुणी पोर आहे, पण दिवसभर तिचं एकच चालतं, "मावशी, तू बस. ते जड आहे. तिकडे जाऊ नकोस, घसरशील." ओडिल बसते. हल्ली ती फारशी बोलत नाही. आम्ही दोघी पाण्याकडे बघत राहतो.

मित्रांनो, जपणं आणि टांगून ठेवणं यांत फरक असतो. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात, तर एवढं करा. माझी फीत सोडा, आम्हा दोघींना होडीत बसवा. आणि वल्हं मात्र तिच्याच हातात द्या.